ओल दिसते एकीकडे, दोष असतो दुसरीकडे

आमच्या झोपण्याच्या खोलीत खिडकीखाली तळहाताएवढा ओला डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हा आम्ही रंगाऱ्याला बोलावले. त्याने सुटलेले पोपडे खरवडले, पुट्टी भरली, ओल रोखणारा म्हणून विकला जाणारा रंग दोन हात दिला, आणि भिंत पुन्हा नवी दिसू लागली. पुढच्या पावसाळ्यात डाग परत आला, या वेळी थोडा मोठा होऊन. असे लागोपाठ तीन वर्षे झाले. चौथ्या वर्षी भर पावसात काही कामासाठी छत्री घेऊन घराच्या मागच्या बाजूला गेले असता सहज वर पाहिले, तर छपराच्या कोपऱ्यावर पन्हळीच्या दोन तुकड्यांच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार निघत होती. ती धार सरळ खाली पडत नव्हती. पन्हळीच्या तळाला चिकटून भिंतीकडे सरकत होती, तेथून खिडकीवरच्या छज्जावर उतरत होती, आणि छज्जा जेथे भिंतीला मिळतो तेथील भेगेत नाहीशी होत होती. सांध्यापासून आतल्या डागापर्यंतचे अंतर सहज आठ फूट असेल. तीन वर्षे आम्ही डागावर उपचार करत होतो आणि पाण्याच्या वाटेकडे एकदाही पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले. घरातील पाण्याचे दोष जेथे निर्माण होतात तेथे ते क्वचितच दिसतात, आणि दिसतात तेव्हा त्यांना सुरुवात होऊन बराच काळ लोटलेला असतो. म्हणून डाग पाहण्यापेक्षा पाणी छपरावर पडल्यापासून आवाराबाहेर जाईपर्यंत, आणि मोरीत ओतल्यापासून गटाराला मिळेपर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

पन्हळीला किती पाणी वाहून न्यावे लागते याचा अंदाज आपल्याला बहुधा नसतो, पण हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होते. छपराचे क्षेत्र 100 चौरस मीटर असेल आणि तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका तासात 5,000 लिटर पाणी छपरावरून उतरते. पन्हळी आणि पाइप नीट असतील तर हे सगळे पाणी घरापासून दूर जाते. एखादी पन्हळ तुंबलेली असेल तर त्यातला मोठा वाटा एकाच ठिकाणी, पायाच्या अगदी लगत, वर्षानुवर्षे पडत राहतो. घराला होणारी इजा पावसापेक्षाही या एकाच जागी पडत राहण्यामुळे अधिक होते.

पन्हळीच्या बिघाडाची चिन्हे जमिनीवर उभे राहूनही ओळखता येतात. पाऊस चालू असताना पन्हळीच्या मधल्या भागावरून पाणी ओसंडत असेल आणि खाली उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडातून मात्र बारीक धारच येत असेल, तर पन्हळ जेथे पाइपाला मिळते ते भोक पानांनी, गाळाने किंवा पक्ष्याच्या घरट्याने बंद झाले आहे, असे बहुतेक वेळा समजावे. पाइप पूर्ण भरून वाहत असेल आणि तरीही पन्हळ ओसंडत असेल, तर अडथळा नसून पन्हळ किंवा पाइप छपराच्या मानाने लहान पडत आहे. या दोन गोष्टींतला फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पहिल्यावर उपाय साफसफाईचा आहे आणि दुसरीवर कितीही साफसफाई केली तरी गुण येत नाही. आणि पाणी पन्हळीत न पडता तिच्या मागून, भिंत आणि पन्हळ यांच्या फटीतून, खाली येत असेल तर छपराची कड पन्हळीच्या आत पुरेशी आलेली नाही किंवा पन्हळ भिंतीपासून सुटली आहे. माझ्या मते हे तिन्हींमधले सर्वांत वाईट लक्षण आहे, कारण हे पाणी थेट भिंतीच्या माथ्यात आणि छपराच्या लाकडात शिरते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पन्हळ अगदी ठीक दिसते.

पाऊस थांबल्यावरही पन्हळ बरेच काही सांगते. तिच्या बाहेरच्या अंगावर वरून खाली उतरलेले काळपट पट्टे दिसत असतील, तर पाणी कडेवरून वारंवार ओसंडत आहे. सांध्याखाली तांबूस गंजाचा किंवा हिरव्या शेवाळाचा ओघळ असेल तर सांधा झिरपतो आहे. पन्हळीत गवत किंवा एखादे रोप उगवलेले दिसले तर त्याचे कौतुक करण्यासारखे काही नाही; रोप रुजण्याइतकी माती आणि टिकण्याइतकी ओल तेथे साठली आहे, असा त्याचा अर्थ. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी पन्हळीत पाणी उभे असेल तर तिचा उतार बिघडला आहे. पन्हळीला उतार फार लागत नाही, दर तीन मीटरला साधारण 6 ते 12 मिलिमीटर पुरतो, पण तेवढा अखंड असावा लागतो. मधली एक पकड सैल झाली की तेथे पोट पडते, पोटात पाणी साठते, पाण्यात गाळ बसतो, आणि त्या वजनाने शेजारच्या पकडीही सुटू लागतात. दहा मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल चौकोनी पन्हळ काठोकाठ भरली तर तिच्यातल्या पाण्याचेच वजन 100 किलो भरते. ओला गाळ त्याहून जड असतो. म्हणून पन्हळ जराशी झुकलेली दिसली की ते काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

जेथे बर्फ पडते तेथे आणखी एक भर पडते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे तुंबलेल्या पन्हळीतले पाणी तिचे सांधे फोडते, आणि छपराच्या कडेवर जमलेला बर्फाचा बांध वितळलेले पाणी उलट कौलांखाली ढकलतो.

सपाट गच्ची असेल तर पन्हळीची जागा तिचा उतार आणि तिच्या कोपऱ्यातील जाळ्या घेतात. पावसानंतर 48 तास उलटून गेल्यावरही पाण्याचे डबके राहत असेल, किंवा पाणी वाळल्यानंतर गोलाकार मातकट खूण उरत असेल, तर त्या ठिकाणी उतार नाही हे नक्की. गच्चीच्या कठड्याला आणि जमिनीला जोडणाऱ्या गोलाईत केसाएवढी चीर असली तरी ती गंभीर मानावी. आणि कोपऱ्यातली जाळी काढून टाकून "पाणी लवकर जाते" असे समाधान मानण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तसे केल्याने पाने जाळीवर अडकण्याऐवजी पाइपाच्या वळणात अडकतात, जेथे हात पोहोचत नाही.

आता छपरावरून जमिनीकडे येऊ. खाली उतरणाऱ्या पाइपाच्या सांध्याजवळ भिंतीवर ओलसर पट्टा, शेवाळ किंवा रंग उडालेला भाग दिसला, तर पाइप आतून तुंबलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे, कारण तुंबलेल्या पाइपात पाणी उंच चढते आणि त्या दाबाने एरवी कोरडा राहणारा सांधाही पाझरू लागतो. पाइपाचे शेवटचे तोंड कोठे उघडते हे मी आता प्रत्येक घरी पाहते. अनेक घरांत ते जोत्याला अगदी चिकटून उघडते, म्हणजे छपरावरचे सगळे पाणी गोळा करून आपण होऊन पायावर ओतण्याचीच व्यवस्था केलेली असते. हे पाणी भिंतीपासून दीड-दोन मीटर तरी दूर न्यावे. घराभोवतीच्या मातीलाही घरापासून दूर उतार हवा; पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण 15 सेंटिमीटर उतार मिळाला तर उत्तम. कालांतराने पायालगतचा भराव दबतो आणि हा उतार नकळत उलटा होतो. वळचणीखाली मातीत सरळ रेषेत पडलेला चर, उघड्या पडलेल्या खडीची ओळ, भिंतीच्या खालच्या अर्ध्या मीटरवर उडालेल्या चिखलाचे शिंतोडे, फरशीच्या कडेखाली धुपून निघालेली पोकळी, ही सगळी याच एका कथेची निरनिराळी पाने आहेत.

पायाजवळ पाणी साठणे धोक्याचे का, याचे उत्तर मातीत आहे. चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. घराच्या एकाच कोपऱ्याला वारंवार पाणी मिळत राहिले तर तो कोपरा उरलेल्या घराहून वेगळा हलतो. वाळूमिश्रित माती असेल तर पाणी तिचे बारीक कण वाहून नेते आणि पायाखालचा आधार कमी होतो. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग, एकाएकी घासू लागलेले दार, ही अशा हालचालीची लक्षणे असू शकतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक जाळीदार रेघा बहुधा निरुपद्रवी असतात, त्यामुळे प्रत्येक रेघेने घाबरून जाण्याचे कारण नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि दर महिन्याला पाहावे. भेग खुणेच्या पुढे गेली, किंवा तिची रुंदी वाढली, तर रंगाऱ्याला न बोलावता स्थापत्य अभियंत्याला बोलवावे.

घराच्या आतील ओल ओळखणे हा या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि आमची चूक नेमकी येथेच झाली होती. सगळी ओल सारखीच दिसते, पण तिची वागणूक निरनिराळी असते. पावसानंतर काही तासांत वाढणारी आणि कोरड्या दिवसांत फिकी पडणारी ओल बाहेरून, छपरातून, पन्हळीतून किंवा भिंतीच्या भेगेतून येत असते. ऋतू कोणताही असो, जी ओल वाढतही नाही आणि कमीही होत नाही, तिचा संबंध बहुधा घरातल्या पाइपाशी असतो. तेव्हा घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि दोन तासांनी पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल तर नळांना पाणी पुरवणारा, कायम दाबाखाली भरलेला पाइप गळत आहे. सरकला नसेल आणि ओल तरीही कायम असेल तर संशय सांडपाण्याच्या पाइपावर जातो, जो फक्त वापराच्या वेळी गळतो. जमिनीपासून वर चढणारी ओल भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर येते आणि साधारणपणे मीटरभर उंचीपर्यंत पोहोचून थांबते. तिच्या वरच्या कडेला पांढुरक्या क्षारांची आडवी रेघ दिसते. हा लोणा म्हणजे पाण्याने विटांतून आणि मातीतून विरघळवून आणलेले क्षार आहेत. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना रंग आणि गिलावा आतून ढकलतात.

थंड हवेत कपाटामागे किंवा खोलीच्या कोपऱ्यात येणारी काळी बुरशी मात्र अनेकदा गळतीची नसते. खोलीतलीच वाफ गार भिंतीवर थिजते आणि तेथे बुरशी धरते. शंका असेल तर भिंत पुसून कोरडी करावी, प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, आणि भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतूनच येत आहे. ही परीक्षा आम्ही पहिल्याच वर्षी केली असती तर तीन वेळा रंग देण्याचा प्रसंग आला नसता. ओल विजेच्या बटणांच्या किंवा फलकाच्या जवळ असेल तर मात्र परीक्षा करत बसू नये. त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य फलकावरून बंद करून आधी वायरमनला दाखवावे.

सांडपाण्याचे पाइप दिसत नाहीत, म्हणून त्यांची चिन्हे कानाने आणि नाकाने ओळखावी लागतात. मोरीतले पाणी उतरताना शेवटी गुडगुड असा आवाज येत असेल, किंवा शौचालयात पाणी सोडले असता शेजारच्या नहाणीच्या जाळीतून बुडबुडे येत असतील, तर पाइपात हवा अडकते आहे; एक तर पुढे अर्धवट अडथळा आहे, किंवा छतावर गेलेला हवेचा पाइप बंद झाला आहे. प्रत्येक मोरीखाली वाकवलेल्या पाइपात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम अडून राहते आणि गटारातील वायूला घरात येऊ देत नाही. अशा एस आकाराच्या वळणाचे पेटंट 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने मिळवले होते. अडीचशे वर्षांनंतरही आपले संरक्षण त्या दोन इंच पाण्यावरच अवलंबून आहे. क्वचित वापरल्या जाणाऱ्या स्नानगृहातून दुर्गंधी येऊ लागली तर बहुधा हे पाणी सुकलेले असते, आणि बादलीभर पाणी ओतले की वास थांबतो. पाणी ओतूनही वास येत राहिला तर पाइपाला तडा गेलेला आहे, सांधा सुटलेला आहे, किंवा हवेचा पाइप तुंबल्यामुळे ते पाणी दर वेळी शोषले जात आहे.

एकच मोरी सावकाश उतरत असेल तर दोष तिच्या जवळच असतो. केस, साबणाचा थर, थंड झाल्यावर पाइपाला चिकटून बसणारे तेल आणि चरबी. दोन-तीन ठिकाणचे पाणी एकाच वेळी सावकाश उतरू लागले, किंवा कपडे धुण्याच्या यंत्रातले पाणी सुटताच सर्वांत खालच्या मजल्यावरील जाळीतून मैलापाणी वर आले, तर अडथळा मुख्य पाइपात आहे. या लक्षणाकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये, कारण येथून पुढची पायरी घरात मैला पसरण्याची आहे. पाइपाचा व्यास निम्मा झाला की पाण्याची वाट निम्मी राहत नाही, पाव राहते. म्हणूनच वर्षभर बरा वाटणारा पाइप एखाद्या आठवड्यात पूर्ण बंद पडल्यासारखा वाटतो. अंगणात एकाच पट्ट्यात गवत अधिक हिरवे आणि दाट दिसणे, कोरड्या दिवसांत जमीन मऊ लागणे किंवा जराशी खचणे, ही जमिनीखालचा पाइप गळत असल्याची चिन्हे आहेत. जवळ मोठे झाड असेल तर त्याची मुळे सांध्याच्या केसाएवढ्या फटीतून आत शिरतात आणि पाण्याच्या आधाराने आत झुबक्यासारखी वाढतात. झाडाला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही, फट आधी पडलेली असते.

तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी तीव्र रसायने ओतण्याच्या सवयीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की उष्णता निर्माण होते, जुने पाइप आणि सांधे त्याने दुबळे होतात, आणि अडथळा निघाला नाही तर नंतर पाइप उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर तेच जहाल पाणी येते. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. ती दोन्ही कधीही एकापाठोपाठ ओतू नयेत. रबरी पंप आणि लवचीक तार यांनी बहुतेक साधे अडथळे निघतात.

झाकण उघडून सेप्टिक टाकीत किंवा खोल चेंबरमध्ये उतरणे, किंवा कोणाला उतरायला सांगणे, हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. तेथे साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण त्याचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते, त्यामुळे "आता वास येत नाही" हे सुरक्षिततेचे लक्षण नसून उलट सर्वांत मोठ्या धोक्याचे असू शकते. आत पडलेल्याला वाचवण्यासाठी उतरलेली माणसेही अशाच रीतीने प्राण गमावतात. काही हजारांचे काम लवकर उरकण्यासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे काम यंत्राने, वरून करून घ्यावे.

मी आता पावसाळ्यात दोनदा, एकदा पहिल्या मोठ्या पावसात आणि एकदा मध्यावर, छत्री घेऊन घराला एक सावकाश प्रदक्षिणा घालते. वीज कडाडत असेल तेव्हा आणि निसरड्या शिडीवर चढून हे करायचे नाही; जमिनीवरूनच पाहायचे. कोणत्या पाइपातून किती पाणी येते, पागोळ्या कोठे अखंड आहेत आणि कोठे एकदम जाड धार आहे, पाणी अंगणात कोठे थांबते, हे मोबाइलवर टिपून ठेवते, कारण कोरड्या दिवशी आलेल्या कारागिराला तोंडी सांगितलेले पटत नाही, दहा सेकंदांचे चित्रीकरण मात्र लगेच पटते. कोरड्या ऋतूत एका वेळी एकाच मोरीत रंग मिसळलेले पाणी ओतून ते बाहेरच्या चेंबरमध्ये किती वेळात पोहोचते हेही एकदा पाहून ठेवले आहे. पुढे कधी वेळ वाढला, तर पाइपाची वाट अरुंद होऊ लागली आहे, हे पाणी तुंबण्याच्या आधीच कळेल.

आमच्या पन्हळीचा सांधा दुरुस्त व्हायला अर्धा दिवस लागला. छज्जाची भेग भरायला आणखी एक दिवस. भिंतीला मात्र घाई करता आली नाही. जाड भिंत सुकण्याचा कारागिरांचा ढोबळ हिशेब दर इंचाला एक महिना असा आहे, आणि आमची भिंत नऊ इंची आहे. तेवढे महिने खिडकीखालचा गिलावा आम्ही उघडाच ठेवला, पाहुण्यांनी विचारले तरी ठेवला, आणि दर पंधरवड्याला त्यावर प्लॅस्टिकचा तोच तुकडा चिकटवून पाहत राहिलो. पुढच्या पावसाळ्याचे पहिले चार मोठे पाऊस होऊन गेले, प्लॅस्टिकखाली थेंब आला नाही, आणि मग आम्ही रंगाऱ्याला निरोप पाठवला.